सात किलोच्या आत

तिकिटावर अगदी खाली, मुंगीच्या अक्षरात:
हातातलं सामान, सात किलो.
घरचा काटा सकाळी एक बोलतो, जेवल्यावर दुसरंच.
म्हणून सगळा संसार स्कूटरच्या पुढ्यात घेऊन
मोहाडीला आलो, निवृत्ती गायख्याच्या पॅकहाउसवर.
त्याचा काटा ग्रॅमला चुकत नाही.
चुकला तर परदेशातून मेल येतो.

आत गारठा. ऊन दाराशीच थांबलं.
डोक्याला जाळी, हातात मोजे,
वीस बाया घडातले डागी मणी टिपतायत,
टिक्. टिक्. टिक्.
माझ्या पहिल्या कॅमेऱ्याचं शटर असंच वाजायचं.

मोठी बॉडी: नऊशे ऐंशी ग्रॅम.
तेवीस वर्षं हिनं लग्नं लावली, निफाडपासून सटाण्यापर्यंत,
अजून कुठल्याशा फटीत अक्षतेचा एक दाणा खुळखुळतो.
सत्तर-दोनशे: दीड किलोला वीस कमी.
नांदूर-मधमेश्वरचे थापटे हिनंच ओढून जवळ आणले.
(थापट्या कुठून कुठून येतो. सोबत फक्त चोच.)
चोवीस-सत्तर, फ्लॅश, चार्जर, जादाची बॉडी,
आणि ट्रायपॉड, ज्याला तीन पाय असून
काट्यावर धड उभं राहता येईना.

सहा किलो तीनशे दहा.
हुश्श म्हणालो,
तर निवृत्ती म्हणाला, आणि बॅग?
बॅग राहिलीच.
गोळ्या राहिल्या. स्वेटर राहिला.
पोरीनं मागवलेला चिवडा राहिला,
जो तिच्या मते पोटातल्या सामानात गेला की भुगा होतो.

शेवटी खिशातून काढला तो छोटा.
कॅनडा कॉर्नरच्या दुकानातला पोरगा म्हणाला होता,
काका, भिंगासकट चारशे ऐंशी, बघा तर उचलून.
मी म्हणालो, एवढुशा डबीला
नवरदेवाचा बाप पैसे देईल का?
तो म्हणाला, तिकडं कुणाचं लग्नंय?
मला उत्तर आलं नाही, म्हणून घेतला.
इथं शेजारीच द्राक्षाची डबी, बरोब्बर पाचशे.
माझा कॅमेरा तिच्याहून चार मण्यांनी हलका.

"कुठं निघालात?" लंकाबाईंनी मान वर न करता विचारलं.
रॉटरडॅमला. पोरीकडं.
कात्र्या थांबल्या.
हे नाव त्या रोज खोक्यांवर चिकटवतात,
पण तिथं जाणारं माणूस आजवर समोर आलं नव्हतं.

"मंग बघा की, खानारे कसे असत्यात.
आंबट लागलं की आपल्यावानी डोळा मिटत्यात का.
फोटू आना."
मी लांबड्या लेन्सवर हात ठेवला. म्हणालो,
हिच्यानं रस्त्यापलीकडूनही दिसेल, पापणीसुद्धा,
त्यांना कळणारही नाही.
"चोरून?" लंकाबाई म्हणाल्या.
"समोर जाऊन इचारा."
त्यांची भाषा येत नाही मला.
"आधी द्राक्षं द्या हातात."

परत टिक् टिक् सुरू झालं.
तेवीस वर्षं मी मांडवात कोपरे शोधत होतो,
रडणारी आई कुठून बेमालूम सापडेल ते.
चांगले आलेत फोटो. खोटं कशाला बोलू.

सत्तर-दोनशे उतरवली. आकडा पडला.
फ्लॅश उतरवला. ट्रायपॉड आपणच घसरला.
मोठी बॉडी उतरवताना जरा वेळ लागला,
निवृत्तीनं तोवर उगाच बाहेर जाऊन गाडीवाल्याला हाक मारली.

काट्यावर उरला छोटा, एकटा.
आणि मशीननं सवयीनं स्टिकर छापलं:
जात थॉमसन, बिनबियांची,
निव्वळ वजन शून्य दशांश चार आठ शून्य,
आजची तारीख.
लंकाबाईंनी हात पुसला,
कॅमेऱ्याच्या बुडाला ते चिकटवलं,
अंगठ्यानं दाबलं,
खोक्याला दाबतात तसं,
वाटेत निघू नये म्हणून.