वगळा

डुलूथमध्ये नोव्हेंबरात आधी फोन गारठतो, मग माणूस.
एकतीस टक्के बॅटरी एका शिंकेत शून्य झाली
आणि मी, मारेन तोइव्होला, वय एकवीस,
'पोर्च' नावाच्या कंपनीची संस्थापक
(माणसं दोन, त्यातला टू गेर आत्ता परीक्षेला बसलेला),
चढावर उभी राहिले
कुठलं दार वाजवायचं ते न कळून.

आमचं ॲप तेवढंच तर सांगतं.
वॉर्डात चार हजार दारं, स्वयंसेवक नऊ,
आणि साडेचारलाच काळोख.
कुणी उगाच कुणाचे उंबरठे झिजवू नयेत
म्हणून प्रत्येक घराला शून्य ते शंभरमधला एक आकडा,
आणि पंधराच्या खाली एकच शब्द, राखाडी अक्षरांत:
वगळा.
तो राखाडी मी निवडलाय. तीन रात्री घालवल्या त्यावर.
लाल फार उद्धट वाटत होता.

मग ज्या खिडकीत दिवा होता तिकडे वळले.
दुसरी पायरी पायाखाली कलली, कठडा धरला.
आतून साखळी, खोकला, पुन्हा साखळी.
"कुणासाठी आलीस?" म्हाताऱ्याने विचारलं.
उमेदवाराचं नाव जिभेवर होतं.
तोंडून निघालं, "चार्जर आहे का?"

एल्मर क्विस्ट. खनिजाच्या धक्क्यावर चौतीस वर्षं.
कॉफी इतकी पातळ की कपाचा तळ दिसावा.
सरोवराकडून वारा येऊन काचा तपासून जात होता.
ओट्यावर, त्याच्या चष्म्याशेजारी, फोन जागा झाला
आणि जिथे बंद पडला होता त्याच रस्त्यावर,
मी उभी असलेल्या घरासकट, यादी उघडून बसला.
क्विस्ट, एल्मर. ८१. आकडा ४. वगळा.
मी हात पुढे केला, तोवर त्याने वाचलं होतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.
"लिलियन गेल्यापासून मत दिलं नाही. बारा वर्षं झाली.
हे चार तरी कशाचे दिलेस?"
मला माहीत होतं. मासेमारीच्या परवान्याचे.
बोलले नाही.

तो उठला, बराच वेळ लावून,
आणि फ्रिजवरून बुटांचा एक खोका काढला.
आत कार्डं. पेन्सिलीने लिहिलेली, १९६८ ते ९१.
हाच वॉर्ड. एकेक दार त्याने स्वतः वाजवलेलं.

५१२. बायकोशी बोला. नवऱ्याला ऐकू येत नाही, कबूल करत नाही.
५२०. कुत्रं.
५२० बी. तेच कुत्रं.
५३३. संपात घर गहाण पडलं. पैशाचा विषय नको.
आणि कोपरा दुमडलेलं एक:
५४७. मुलगा युद्धातून परतला नाही. दार वाजवू नका.
पायरीवर पाव ठेवून या.

मी ते दोनदा वाचलं.
दार वाजवू नका.
हे तर आमच्याकडेही आहे, फक्त पाव नाही.

"मंगळवारी मतदान आहे," निघताना म्हणाले.
"ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि खोक्याला रबर लावलं.
तो गेला की नाही, मला अजून माहीत नाही.

टू गेरला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं,
"म्हणजे चार बरोबर होता?"
होता.
"मग मॉडेल चालतंय."
चालतंय. गुरुवारी मिनीॲपोलिसला गुंतवणूकदारांपुढे
मी सांगणार आहे, दारामागे खर्च एकेचाळीस सेंट.
त्या सरासरीत एक तास दहा मिनिटं कुठे बसवू?

रात्री यादीत एक नवा चौकोन टाकला. नाव दिलं, टीप.
तो कशाशीच जोडलेला नाही. त्याने आकडा हलत नाही.
राखाडी शब्द अजून आहे तिथेच आहे.
कर्सर बराच वेळ उघडमीट करत राहिला
आणि मी लिहिलं:
दुसरी पायरी मोडकी आहे. जपून.