खोली मोजायची काठी

उद्या तू ने त्यांना, रोमेट.
माझा गुडघा आता फळ्यांच्या वाटेवरही कुरकुरतो.
बूट तपास सगळ्यांचे. पण कुणाच्या पांढऱ्या बुटांना हसू नकोस,
दलदल ते काम आपणहून करते.

पहिली चार वर्षं मी नुसती बोलले.
शेवाळाच्या अठरा जाती, त्यांची लॅटिन नावं,
कोणत्या साली कोणता पक्षी शेवटचा दिसला.
लोक माना डोलवायचे
आणि परतताना बसमध्ये झोपायचे.
मग एका सप्टेंबरात घसा बसला.
टाल्लिनहून आलेले अकरा जण, पैसे भरलेले,
आणि माझ्या तोंडून फक्त हवा.
काय करणार? चालत राहिले.
काळ्या डोहाशी थांबले, खाली बसले.
तेही बसले.
बराच वेळ कुणाला हातांचं काय करावं कळेना.
मग बँकेतल्या एका बाईनं मोजे काढले,
पाय शेवाळात घातला, घोट्यापर्यंत,
आणि असा काही आवाज केला
की तो मला अजून सांगता येत नाही.
तेव्हापासून मी घसा बसल्यासारखीच वागते.

आमच्या घरात दलदल म्हणजे पगार.
बाबा चर खणायचे.
पाणी काढायचं, पीट वाळवायचं,
विटा पाडून भट्ट्यांना धाडायच्या.
त्यांच्याकडे ही काठी होती, लोखंडी,
मीटर मीटरचे तुकडे, एकात एक बसणारे.
मी सात वर्षांची. म्हणाले, दाब.
मी दाबत गेले, ते तुकडे जोडत गेले.
लोण्यात जावी तशी गेली काठी
सातव्या तुकड्यापर्यंत,
मग टक्.
"तळाची माती," बाबा म्हणाले. "मीटरला हजार वर्षं."
बटाट्याचा भाव सांगावा तसं.
रात्रभर माझ्या तळहातात ते टक् वाजत होतं.

काठी दाराआड आहे. घेऊन जा.
जो सारखा घड्याळ बघतो ना, त्याच्या हातात दे.
टक् होईपर्यंत काही सांगू नकोस.
झाल्यावरही नको, त्यानं विचारलं तरच.

बाबा एकदाच आले माझ्यामागून, काढता पाय घेण्याच्या तयारीत.
आम्ही त्यांचेच चर बुजवत होतो तेव्हा,
फळ्या ठोकून, पाणी अडवून.
एकेचाळीस नंबरशी थांबले. "हा माझा."
मी मान खाली घातली. वाटलं, आता भांडण.
त्यांनी कोट काढला, पाइनच्या फांदीवर टांगला.
(ते पाइन मनगटाएवढं, वय दोनशेच्या पुढे. दाखव त्यांना,
पण हात लावून, बोट दाखवून नव्हे.)
मग म्हणाले, "फळी तिरकी बसलीये,"
आणि टाचेनं दोनदा हाणून ती सरळ केली.
संध्याकाळपर्यंत पाणी बोटभर चढलं.
त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

क्रौंच उतरतील पहाटे, धुकं असलं तर आवाजच फक्त.
फोटो नाही मिळाला म्हणून कुणी चिडेल, चिडू दे.
क्रॅनबेरी कच्च्या आहेत अजून, तरी एकेक खाऊ दे,
तोंडं वाकडी झाली की माणसं एकमेकांकडे बघतात.
कुणी विचारेलच, इथे बघण्यासारखं काय आहे?
मला अजून उत्तर सापडलेलं नाही.
तू बूट काढ आणि बस.

आणि परत आल्यावर काठी धुऊन, पुसून ठेव.
गंजते.