शेवटची नोंद

एल्स्टाड, नेब्रास्का. वस्ती एकसष्ट.
त्यात मी धरलेली आहे,
आणि व्हर्लिन हरुस्काही अजून धरलेला आहे,
जो फेब्रुवारीत गेला.
पाटीवरचा आकडा बदलायचं काम त्याच्याकडेच होतं.

मी इथली कारकून झाले ती अक्षरामुळे.
आले होते माती तपासायला:
सहकारी गोदामामागे दोन खोल्यांची प्रयोगशाळा,
कागदी पिशव्यांतून ज्याच्या त्याच्या नावाची माती,
नत्र, स्फुरद, पालाश.
आर्डिथ नायग्रेननं एकदा पिशवीवरचं लेबल लांब धरून वाचलं,
म्हणाली, तुझं वाचता येतं.
पुढच्या बैठकीत वही माझ्यापुढे सरकली.

नऊ वर्षं या गावाचं लिहून ठेवते आहे.
मोकाट कुत्र्याबद्दल चर्चा. ठराव नाही.
पाण्याच्या टाकीला रंग: पुढच्या वर्षी.
पाण्याच्या टाकीला रंग: पुढच्या वर्षी.
लव्होन पीटरसनने जर्दाळूचे कोलाचे आणले, छान झाले होते.
(हे लिहायचं नसतं, असं मला कुणी सांगितलं नाही.)

उंच म्हणावं असं इथं एकच, धान्याचा एलेव्हेटर.
बाकी सगळं आभाळाच्या हाताखाली.
समोरून येणारा पिकअप ओळखीचा असो नसो
स्टिअरिंगवरून एक बोट वर होतं.
पहिल्या वर्षी वाटायचं, काही चुकलं का माझं?
आता माझंही आपोआप उठतं.
गेल्या खेपेला पुण्यात, भावाच्या गाडीत, सिंहगड रोडवर,
मांडीवरच्या हाताचं बोट उठत राहिलं.
तो म्हणाला, काय मोजते आहेस?

काल बंबाच्या शेडमध्ये मतदान झालं.
प्रश्न एकच: एल्स्टाडनं गाव म्हणून राहायचं का?
बंब बाहेर वाऱ्यात उभा केला होता,
आत घडीच्या खुर्च्या, कॉफीची चाळीस कपांची किटली.
डेल्मरनं हिशेब वाचला, हवामान सांगतात त्या आवाजात:
पाच दिव्यांचं बिल, सांडपाण्याचं तळं, विम्याचा हप्ता.
राहायचं, नऊ. नाही, बावीस.
मी दोनदा मोजल्या.
त्या नवांत माझी एक होती,
हे वहीत नाही.

ठरावात त्यांनी जो शब्द घातला होता
तो साखर पाण्यात जाते तेव्हाही वापरतात.
मी मनात विसर्जन म्हटलं
आणि पेन थांबलं.
उत्तरपूजा झाली की वडील मूर्ती जागच्या जागी
जराशी हलवायचे, बोटभर, पाटावरच.
तेवढ्यात देव गेलेला असायचा.
पुढची नदी फक्त मातीसाठी.

म्हणून बघत राहिले, काय हललं.
खुर्च्या मिटल्या गेल्या.
लव्होननं उरलेलं घरटी बांधून दिलं,
व्हर्लिनच्या बायकोला दोन जास्त.
बंब मागे मागे येत शेडमध्ये शिरला,
आर्डिथ दोन्ही हातांनी बोलावत होती,
ये, ये, अजून ये, बास.

आज बाराला भोंगा वाजला.
काउंटीच्या कागदांत भोंगा कुठेच नाही.
तो कुणी वाजवला, हे कुणी विचारलं नाही.

दुपारी आर्डिथ पिशवी घेऊन आली,
बेसबॉलच्या मैदानातली माती, अजून ओलसर.
बटाटे लागतील का बघ, म्हणाली, मैदान तसंही पडूनच आहे.
पिशवीवर मालकाचं नाव लिहावं लागतं.
मी टोपण काढून उभी.
कुणाचं लिहू?

तिनं चष्म्यावरून पाहिलं माझ्याकडे,
एल्स्टाड लिही.
आणि जरा मोठ्या अक्षरात.