खाच

रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर
मी दात करतो.
दोनशे तरी तोंडं असतील माझ्या फळीवर, पिवळ्या प्लास्टरची.
चेहरा एकाचाही ठाऊक नाही.

सोमवारी भंडारी डॉक्टरांचा डबा आला.
चिठ्ठीवर: कुंदा बिडवई, वय एकोणपन्नास,
वरचे सहा, व्हेनियर, शेड बी-वन.
बी-वन म्हणजे नव्या कपबशीचा पांढरा.
आत दोन मॉडेलं, घासण्याआधीचं आणि नंतरचं.

आधीच्यात, डावीकडच्या पटाशीच्या दाताला
खाच होती.
पडून फुटलेली नव्हे. झिजत आलेली,
कडेला गुळगुळीत,
रहाटाच्या दोरानं दगडाला पडते तशी,
फक्त केसाएवढी.

मी भिंग खाली ठेवलं.
ही बाई दातांनी दोरा तोडते.
हूक, काज, तुरपाई, फॉल,
दिवसाला शंभरदा म्हटलं तरी
किती वर्षं लागली असतील एवढ्याशा खाचेला?

फोन केला. ब्लाउज शिवतात का या?
"भिया, तेरे को कैसे पता?"
लोकमान्य नगरात शिवतात म्हणे. मुलीचं लग्न मार्गशीर्षात.
डॉक्टरांना म्हणाल्या, फोटोत तोंडावरचा हात काढायचाय.

दुसऱ्या मॉडेलात खाच नव्हती.
अर्धा मिलिमीटर घासतात, नखाच्या जाडीएवढं.
नख परत येतं. हे येत नाही.
भंडारी हे तीनदा सांगतात, मग सही घेतात,
आणि तिसऱ्यांदा सांगतात तेव्हा
माणूस आरशात बघत असतो.

पोर्सिलीन ब्रशानं चढवायचं, ओलं, थर थर,
हवं त्याहून थोडं जास्त.
भट्टी आपला वाटा काढून घेते.
पहिला दात बी-वनमध्ये केला आणि मॉडेलवर बसवला.
खालचे दात तर बिडवईबाईंचेच राहणार, चहाचे, सुपारीचे.
वर नवा कप, खाली जुनी बशी.
बोलवून घेतलं त्यांना.

ट्यूबलाइटमध्ये रंग खोटं बोलतो,
म्हणून गॅलरीत, सकाळच्या उन्हात उभं केलं.
गळ्यात टेप तसाच, पदराला सुई टोचलेली.
मी ओठाशी ए-टूची पट्टी धरली.
आरशात बघून म्हणाल्या,
"हा तर माझाच आहे."
जरा धुतलेला, मी म्हटलं.
"मग पैसे कशाचे?"

याला माझ्याकडे कधीच उत्तर नसतं.
सांगितलं, लोकांना कळता कामा नये, त्याचे.
थोडा वेळ त्या खाली रस्त्याकडे बघत राहिल्या.
एक टेम्पो मागे मागे येत होता, पोरगा आने दो आने दो ओरडत होता.

"दोरा तोडता येईल?"
नाही. सुपारी नाही, पेनचं टोपण नाही,
दोरा तर नाहीच.
नीट राखलेत तर बारा-पंधरा वर्षं.
"कात्री वेळेला सापडत नाही हो."
मी काय बोलणार.
"ठीक आहे. दाढेनं तोडीन.
दाढा तर माझ्याच आहेत ना?"

आणि हसल्या.
हात सवयीनं वर निघाला, तोंडाकडे,
आणि टेपपाशी अडकला.

गुरुवारी डबा गेला. ए-टू, सहा.
मी कडा थोड्या वरखाली ठेवल्या होत्या, भंडारींनी काही म्हटलं नाही.
खाचेचं मॉडेल टाकायला हवं होतं,
फळीवर जागा नाही.

रात्री सदऱ्याचं बटण लावून झालं,
सुई तशीच लोंबत होती.
दोरा त्या खाचेत घालून पाहिला.
बसला, नेमका.
ओढला, तर दोरा नाही,
प्लास्टर तुटलं.
बोटांवर पिवळी पूड.
उठून कात्री शोधली.