दुभाषी

बेळगावच्या त्या कोर्टात पडदा अजून आला नव्हता.
शिपाई हुक्केरीनं घरची चादर आणून बांधली,
निळी, कोपऱ्यात हळदीचा डाग.
पलीकडे तो. अलीकडे ती,
खानापूरकडची, नऊ वर्षांची.
नाव लिहायचं नाही.

माझ्या पिशवीत कलम चौतीस,
जवळजवळ साऱ्या देशांनी सही केलेलं.
मी मराठीचं कन्नड करायला बसलेली.

मॅडमनी काळा कोट खुर्चीला अडकवला,
हळू विचारलं, तू त्याला काय म्हणालीस?

"नको म्हटलं.
मग वाटलं, त्याला कळलं नसंल.
म्हणून बेडा म्हटलं.
बेडा बी म्हटलं की हो, दोनदा."

चादर हलली. पंखा असेल.

भाषांतराला काही उरलंच नव्हतं,
तरी टंकलेखक
माझ्याकडे बघत थांबला.