बारा व्होल्ट

सोहारच्या सनैयात, अकरा नंबरच्या शटरसमोर
खल्फानची कोरोला उभी राहते
आणि उभी राहिली की तापते.
धावताना काही नाही, म्हणतो,
हायवेवर काटा मधोमध, शहाण्या मुलासारखा.
सिग्नलला थांबलो की चढायला लागतो.

म्हणजे बाहेरचा वारा आहे तोवर ठीक.
थांबल्यावर आपला वारा आपण करावा लागतो,
तो पंखा फिरत नाहीये.

मुदस्सरला दापोलीहून येऊन नऊच दिवस झालेत.
त्याला वाटतं मोटार गेली, नवी टाकू.
दम धर, मी म्हणतो.
इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये मामा सांगायचा,
यंत्राला शिवी देण्याआधी तारेला विचार.

फ्यूज काढून उन्हाकडे धरला. शाबूत.
पंख्याच्या जागी हॉर्नचा रिले बसवला.
टक्.
म्हणजे हुकूम पोचतोय.
मोटारीला बॅटरीवरून थेट दोन वायरी दिल्या
आणि पंखा असा सुटला
की बोनेटवर वाकलेल्या मुदस्सरची टोपी
शेजारच्या पठाणाच्या टायरांत.

मग सॉकेटला टेस्ट लॅम्प लावला.
लख्ख पेटला.
मीटर म्हणाला बारा पूर्णांक चार.
मुदस्सर म्हणाला, सगळं ठीकय की.

रात्री व्हिडिओवर बायकोही तेच म्हणते.
मीही तेच म्हणतो.
दोन्ही टोकांना बारा पूर्णांक चार.
कोणी काही मागत नाही
तोवर प्रत्येक तार पुरी भरते.
परवा मुलीच्या अकरावीच्या फीचा विषय निघाला
आणि आवाज एकदम चारवर आला.
कुणाचा, ते सांगत नाही.

सॉकेट परत जोडलं, मोटारीला ओढू दिलं,
मीटरच्या सुया मागून खुपसल्या.
चार पूर्णांक एक.
पंखा थरथरला, फिरला नाही.
येणारी तार धड आहे, परतणारी नाही.
काळ्या वायरीपासून पत्र्यापर्यंत मोजलं,
शून्य हवं तिथे आठाच्या वर.

डाव्या हेडलाइटखाली दहाच्या पान्याचा एक बोल्ट,
त्याच्या मानेला हिरवट बुरा.
मासळी बाजारासाठी खल्फान पहाटे
गाडी वाळूतच लावतो.
तो माशांचा भाव करतो तोवर
समुद्र येऊन बसतो बोनेटखाली.

एश मुश्किल? त्याने विचारलं.
अर्थिंग, मी म्हणालो.
त्याला कळेना. आतून नासिर अरबाब ओरडला,
अर्द! अर्द!
खल्फानने खाली पाहिलं,
चपलेच्या टोकाने जमीन दाबली.
ही? ही खराब झाली?

हसलो सगळे.
आमच्याकडे या तारेला अर्थ म्हणतात,
त्यांच्याकडे जमीन.
आणि दोन्हीकडे ती सैल झाली
तर आधी दोष मोटारीलाच.
तेरा वर्षं झाली मला इथे.
माझा बोल्ट कुठे आवळलाय
हे मुदस्सर विचारत नाही, बरं आहे.

पॉलिश पेपरने पत्रा घासला, चांदी दिसेपर्यंत.
नवं टर्मिनल, वर बोटभर ग्रीस.
गाडी चालू, एसी बंद, आणि आम्ही उभे.
बाहेर सत्तेचाळीस.
लॅपटॉपवर इंजिनाचा आकडा ब्याण्णव, त्र्याण्णव.
खल्फान डिकीतून रुतबची पिशवी काढतो,
बिया मुठीत जमवत खातो.
पंच्याण्णव.
मुदस्सरचा हात चावीकडे जातो,
बंद करू?
नको.
शहाण्णव.

टोपी धर, मी म्हणतो.