रोज एक मिलिमीटर

बाबा रात्री माकूळ धरायचा,
माणसाच्या धडाएवढी, लालभडक,
होडीत येताच काळी शाई थुंकणारी.
पहाटे ती समुद्राच्या पाण्याच्या पिंपात कोंबून
हातगाडीसकट मला पिटाळायचा:
"मेलेली घेत नाहीत ते लोक. पळ."

वाल्पाराइसोच्या उत्तरेला, खडकावर,
ती दोन मजली प्रयोगशाळा. आत येर्काबाई.
मी दहा वर्षांची. एकदा तिने मला थांबवून घेतलं.
माकुळीच्या अंगातून तिने एक तंतू सोडवला होता,
उकडलेल्या शेवईसारखा,
पांढुरका, एक मिलिमीटर जाड.
"तुझ्यातही आहेत," म्हणाली, "पण इतके बारीक
की तुझा केस त्यांच्यापुढे दोरखंड."

माकूळ केव्हाच कढईत पडली होती,
कांद्याचा वास येत होता जिन्यातून.
तंतू मात्र बशीत, खाऱ्या पाण्यात, जिवंत.
येर्काबाईने त्याला जरासं डिवचलं
आणि हिरव्या काचेवर एक टेकडी उठली, बसली.
जास्त डिवचलं. तेवढीच टेकडी.
"निरोप अर्धा जात नसतो," ती म्हणाली.
"जातो, नाहीतर जातच नाही.
मीठ आत शिरतं, त्याने पुढचं दार उघडतं,
तिथून मीठ, मग त्याच्या पुढचं दार."
आमच्या चढावरच्या घरांतून कुणी बुडाल्याची बातमी
अशीच वर जायची.

"आणि दारं संपली की?"
"मग फट. वीज तिथेच थांबते.
तिथून थेंबभर रस, पलीकडच्या काठाला."
एका होडीतून दुसरीत दोर फेकतात तसा?
ती हसली. "तसाच म्हण."

मी एकोणीसची होते, फेब्रुवारी,
तेव्हा गळांचा मुकुट बाबाच्या मनगटात रुतला.
दोराच्या दुसऱ्या टोकाला
चाळीस किलोची माकूळ, खाली ओढणारी.
रुग्णालयात शिवलं. कातडी मिटली.
अंगठा, तर्जनी, मधलं बोट: लाकूड.
सिगारेट जळत बोटांपर्यंत आली
तेव्हा त्याला आधी वास आला.

"तंतू वाढतो, एलेउतेरिओ," येर्काबाई म्हणाली.
"तुटलेल्याच्या पुढचं सगळं कुजतं,
पण नळी उरते रिकामी,
तिच्यातून नवं टोक चाचपडत निघतं.
दिवसाला एक मिलिमीटर. तेही नशीब असेल तर."

एक मिलिमीटर.
मला ती बशी आठवली.

दर रविवारी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने
मी मनगटापासून टकटक करत जायची.
तो डोळे मिटून. इथे? नाही. इथे?
"मुंग्या," म्हणायचा, "बोटांत मुंग्या."
तिथे मी ठिपका द्यायची, माकुळीच्याच शाईने,
बॉलपेन त्याच्या घामाला टिकत नव्हतं.
मे महिन्यात ठिपका तळव्याच्या मध्यावर आला.
ऑगस्टात तीन रविवार हललाच नाही.
बाबाने माझ्याशी बोलणं टाकलं,
जणू मीच वाटेत उभी होते.
होडी वाळूवर पालथी पडून होती,
तिच्याखाली कुत्री व्याली.

नोव्हेंबरात एका रात्री तो ओरडला.
मी धावले. जाळं विणायची सुई
तर्जनीत शिरली होती. रक्त.
"दुखलं," तो म्हणाला.
मग पुन्हा, जिभेवर घोळवत: "दुखलं."

सगळं नीट नाही आलं.
काही तंतू भलत्याच घरी राहायला गेले:
अंगठा चिमटला तर मधल्या बोटात कळायचं,
खिशातलं नाणं न बघता ओळखता यायचं नाही.
पण होडी उलटी केली. कुत्रीला आधी हाकललं.

पहिल्याच पहाटे पिंपात हात घातला त्याने,
माकुळीने एक बोट धरून ठेवलं.
"कुठलं धरलंय हिने?" त्याने विचारलं,
डोळे घट्ट मिटून.
मी सांगितलं.
"खोटं बोलतेस," तो म्हणाला.